तळातली टाचणी

सोहार बंदरामागचं ऑफिस. काचांना चंदेरी फॉइल,
म्हणून जूनमध्येही आत ट्यूबलाइटचीच सकाळ.
माझं काम एवढंच: इथला आकडा तिथं नेणं.
चार अक्षरं, सात अंक, कंटेनरचा नंबर,
ईमेलमधून फॉर्मात, फॉर्मातून कस्टमच्या पानावर.
नवं उचललं की आधीचं हातातून सांडायचं,
की पुन्हा मागे, पुन्हा तीच ईमेल.
पहिल्याच महिन्यात मी तिनाचा आठ केला.
पेटी सहा दिवस धक्क्यावर तापत बसली, आत सुकी मिरची.
दंड किती ते बिजू चेट्टननी सांगितलं नाही,
खुर्ची ओढून शेजारी बसले
आणि दोन बोटं ठेवली कीबोर्डवर:
विंडोजची कळ, आणि व्ही.

एक छोटी चौकट उघडली.
मी उचललेलं सगळं तिथं होतं,
ताजं वर, शिळं खाली, भाकरीच्या चवडीसारखं.
पंचवीस राहतात, म्हणाले. सव्विसावं आलं की तळातलं जातं,
मशीन बंद केली की सगळंच.
राहायला हवं त्याला टाचणी मार.

आता एका पेटीला चार मिनिटं. आधी अकरा लागायची.
सुलेमानी गरम असताना पितो.

पण तळाशी तीन टाचण्या होत्या,
माझ्या नव्हेत.
या खुर्चीत आधी मुकादम बसायचा, श्रीवर्धनचा,
नऊ वर्षं. मार्चमध्ये गेला.
पहिली: कंपनीचा पत्ता, पोस्ट बॉक्ससकट.
दुसरी: विलंबाबद्दल दिलगिरी, इंग्रजीत, कारणापुरती जागा कोरी.
तिसरी:
अम्मी, मी बरा हाय. जेवलो. ऊन फार नाय.

आधी हसलो.
मग नऊ गुणिले तीनशे पासष्ट करायला घेतलं,
सवयच ती,
आणि अर्ध्यात सोडून दिलं.
टाचणी काढली तर एक जागा मोकळी होईल.
नाही काढली.

काल दुपारी बार्शीहून अक्काचा मेसेज: कसा आहेस? ऊन कसंय?
बाहेर सत्तेचाळीस. साडेबारापासून धक्क्यावरची माणसं सावलीत,
फक्त लोखंड उन्हात.
लिहायला बसलो: खोलीतले सहाजण, बंद पडलेला एसी,
चपलेचा वितळलेला तळ.
फार लांबलं. पुसलं.
आणि बोटं आपसूक गेली. कळ, व्ही, तिसरी टाचणी.
अम्मीचं अक्का केलं. हायचं आहे.
नायचं नाही करायला म्हणून नाय पुसलं
आणि तिथंच थांबलो.
अक्का, मी बरा आहे. जेवलो. ऊन फार.
पाठवून दिलं.

पलीकडून: टोपी घालत जा.
थोड्या वेळानं पुन्हा:
टोपी आहे का?

तेवढी ओळ उचलली.
चिकटवायला कुठंच नव्हती.
संध्याकाळपर्यंत पेट्यांनी तिला एकोणिसाव्या जागी ढकललं,
टाचणी मारली नाही.
निघताना फक्त स्क्रीन बंद केली.