सैल पट्टा

पहिली कॅसेट बर्निसच्या आईच्या धुणीघरात झाली.
ब्लफ बंदर, जुलैची थंडी, खिडकीला टॉवेल कोंबलेला.
चार ट्रॅकचं यंत्र माझं, उसनं दिलेलं.
त्याचा पट्टा सैल होता,
ते मी बोललो नव्हतो.

म्हणून सगळी गाणी अर्ध्या सुराने चढली.
बर्निस एकोणीसची, ऐकू यायची चौदाची.
तामातीचे ड्रम म्हणजे एक उशी आणि बिस्किटांचा डबा,
आणि सगळ्याच्या बुडाशी फ्रीजरची घरघर,
आत ऑयस्टर, आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा उरलेला केक.

चाळीस प्रती मी रात्री जागून काढल्या.
प्रतीची प्रत, तिची प्रत.
शेवटच्या पाचात गाणं कमी आणि वारा जास्त.
त्याच पाच आधी संपल्या.

मग डनीडिनच्या एका पबात कुणीतरी ओरडलं,
“कॅसेटसारखं वाजवा!”
लॅक्लनने तारा पिळल्या, वर, अजून वर,
एक तुटून त्याच्या गालाला लागली.
बर्निस टाचा उचलून गायली.
चूक माझी, घसा तिचा,
असं नऊ वर्षं चाललं.

दुसरी टेप लोकरीच्या शेडमध्ये.
लोकर आवाज पिते, परत देत नाही.
तिसऱ्या वेळी ऑकलंड, काचेची खोली,
तिथल्या माणसाने घरघर काढली
माशातून काटा काढावा तशी, अख्खी, एका ओढीत.
मला तिचा श्वास ऐकू आला. खुर्ची करकरली तीही.
शब्द इतके स्वच्छ,
की काय म्हणायचंय ते कळलं,
आणि मी मध्येच बंद केलं.

परवा फोन आला. “ते यंत्र आहे का अजून?”
आवाज आता खाली उतरलाय,
सिगारेटी, दोन मुलं, मासे पॅक करायच्या पाळ्या.
मी म्हटलं, बर्निस, एक सांगायचं राहिलंय. पट्टा.
“पहिल्या दिवसापासून माहीत होतं,” ती म्हणाली.
“नव्या पट्ट्याला सात डॉलर पडत होते.
आम्ही बिअर आणली.”

पट्टा मी कधीच बदलला होता.
आज तो काढला,
कांदापातीच्या जुडीचं रबर चढवलं.
फिरतं. जरासं मागे रेंगाळत फिरतं.

मागच्या सीटवर यंत्र घेऊन तिच्याकडे निघालोय.
धुणीघर तेच आहे म्हणते.
फ्रीजर नवा आहे फक्त,
अजिबात आवाज करत नाही.