सीटवरची मापं

विजार कुठे फाटते ते मला विचारा.
गुडघ्यावर फाटली तर पोर लहान.
मोठ्यांची मागे, बैठकीवर.
आधी चकाकी येते, मग जाळी,
आणि एके दिवशी कालव्यावरच्या पुलाच्या चढाला,
ग्रोनिंगनचा वारा तोंडावर असताना,
फक्त मालकाला ऐकू येणारा एक आवाज.

नोटरी फोप्पे असेच आले होते,
फाइल मागे धरून, भिंतीला पाठ घासत,
खेकड्यासारखे आडवे.

मी आतून मऊ ठिगळ लावते.
शिवण मधोमध घेत नाही, जरा सरकवते;
मधली शिवण चार किलोमीटरनंतर
बोलायला लागते.

माझ्या दुकानात आरशापुढे
ठोकळ्यावर बसवलेली एक जुनी सीट आहे.
मापं तिच्यावरच.
उभ्या माणसाची बाही खोटं बोलते:
हात हँडलकडे गेले की
मनगटं उघडी, पाठ उघडी,
आणि नोव्हेंबर आत.
म्हणून बाही तीन बोटं जास्त,
पाठ एक वीत.
नवखे प्लास्टिकचे कोट घेतात
आणि आतून भिजतात.
मी लोकर पुढे करते.
ओली झाली तरी ती रुसत नाही.

मार्चमध्ये आफ्के आली, पांढरं कापड घेऊन.
लग्नाला नगरभवनापर्यंत सायकलनेच जायचं,
नवरा शेजारून, त्याच्या त्याच्या सायकलवर.
उजवीकडचा घेर मी कमी केला, चेन तिकडे असते.
डावीकडचा ठेवला, तिच्या आईसाठी.
झगा वाऱ्याने उडू नये म्हणून
खालच्या दुमडीत पाच पितळी वॉशर शिवले,
शेजारच्या ओक्केच्या सायकल दुकानातून
उसने आणलेले.
(त्याने अजून मागितले नाहीत.)

"चालताना थोडा वाकडा दिसेल हं," मी म्हटलं.
"चालणार कोण आहे?" ती म्हणाली.

लग्नानंतरच्या गुरुवारी झगा परत आला.
इतकं करूनही उजवीकडे
चेनच्या दातांची काळी रांग.
मी बेंझिनची बाटली काढली.

"ते राहू दे," आफ्के म्हणाली,
"गुडघ्यापर्यंत काप, निळा रंगव.
सोमवारपासून ऑफिस आहे.
वॉशर मात्र वरच्या दुमडीत घे,
स्टेशनपाशी फार वारा असतो."

मी टेप गळ्यात घातली.
म्हटलं, बस सीटवर.