शिमला ऑफिस, रात्रपाळी

वादळ अजून सहाशे मैलांवर,
पण त्याची लाट आधी पोचते.
लांब पल्ल्याची, चौदा सेकंदांची,
वाऱ्याशिवाय.

‘टिटवी’वरून शर्वाणी कळवते :
शीड लुळं पडलंय, वाटीतली आमटी मात्र
या काठावरून त्या काठावर.

मी लिहितो : पश्चिम सोड. दक्षिणेला उतर.
दोन दिवस गेले तर जाऊ देत.
मी, ज्यानं समुद्र पाहिला तो
दिवेआगरला, घोट्यापर्यंत.

पहाटे सायकल काढतो.
संचेतीच्या चौकात पिवळा दिवा
नुसताच मिचकावतोय.
झाडाचं पान हलत नाही.
तरी पूल ओलांडताना
हँडल जरा डावीकडे ओढ घेतं,
आणि मी
घेऊ देतो.