गावाबाहेरची प्रत

मंगळवारी सकाळी डिस्क बोलायला लागली.
टक्. टक्. टक्.
दारात उभं राहून, नाव न सांगता
कोणी कडी वाजवावी तशी.

आत नऊ वर्षांचे जबडे होते.

आम्ही कवळ्या करतो. रास्ता पेठ, दुसरा मजला,
खाली फॉल-पिकोचं दुकान,
वर मी, दोन पोरं आणि भट्टी.
आधी प्लास्टरचे साचे फळीवर असायचे;
पडला तर ऐकू यायचं, तुकडे तरी उचलता यायचे.
जबडे स्कॅनमध्ये गेले
आणि फुटणं एवढंसं झालं : टक्.

निहाल तांबोळीनं डिस्क कानाशी धरली,
कलिंगड पारखतात तशी,
म्हणाला, "गेली, मॅडम."

त्याच आठवड्यात फिलोमिना डिमेलोबाईंची कवळी
क्वार्टर गेटच्या घरी बेसिनमध्ये पडून दुभंगली.
वय ब्याऐंशी. जबडा आता पुरता उघडत नाही.
माप घेताना मी म्हणत राहिले, अजून थोडं, अजून थोडं,
आणि ट्रे निघाल्यावर त्या म्हणाल्या,
"माझं तोंड तुझ्याकडे होतं ना गं?"

होतं.

बँकेचा लॉकर : दर शनिवारी डिस्क घेऊन जायचं,
दोनच्या आत. मी स्वतःला ओळखते.
तिसऱ्या शनिवारी कुणाचं तरी लग्न निघेल.
भावाचं घर, बोपोडी : तळमजला, शेजारी नदी,
शिवाय पुतण्या तिच्यात सिनेमे भरेल.
एक कंपनी, महिना चारशे नव्वद.
विचारलं, किल्ली कुणाकडे?
"आमच्याकडेच, मॅडम, तुम्ही काळजीच करू नका."
काळजी तिथेच सुरू झाली.
दुसरीला विचारलं, सगळं परत हवं असेल तर किती दिवस?
तो माणूस आधी हसला, मग म्हणाला, विचारून सांगतो.
अजून विचारतोय.

"ठेवून घेणारे ढीगभर," निहाल म्हणाला,
"परत कोण देतं ते बघा,"
आणि चहाच्या बिलामागे लिहून दिलं :
तीन प्रती,
दोन जातींच्या साधनांवर,
एक गावाबाहेर.

त्याचं वय सत्तावीस. त्यानं सहज लिहिलं.
मी, उज्ज्वला ओव्हाळ, तो कागद दोनदा वाचला.

शिरूरकडं आमचं घर ओढ्यापलीकडं.
विहीर गावात, आम्ही बाहेर.
पण बांधाचा तंटा उठला, हद्दीचा दगड कुणी हलवला,
की अख्खं गाव ओढा ओलांडून यायचं
आजोबांना विचारायला : दगड कुठं होता?
त्यांना पाठ होतं. बाभळीपासून किती पावलं,
कुठल्या साली चिंच पडली,
कुणाच्या बापानं नांगर कुठवर घातला होता.
गावातले कागद वाळवीनं खाल्ले,
उरले ते पाटलाच्या माडीसकट जळाले.
आजोबा बाहेर होते, म्हणून शाबूत.

म्हणजे गावाला ठाऊक होतं
मोलाची प्रत कुठं ठेवतात.
भाडं तेवढं दिलं नाही कधी.

शेवटी घेतली ती चेन्नईकडची. महिना नऊशे, खिशाला जड.
शनिवारी रात्री पोरं गेल्यावर
मी डिमेलोबाईंची नवी फाइल मुद्दाम पुसली
आणि परत मागितली.
सात मिनिटं. भट्टीची धग पाठीवर.
मग खालचा जबडा पडद्यावर आला, सावकाश फिरत,
डावीकडच्या दाढेच्या जागी तोच खड्डा.

किल्ली माझ्याकडेच आहे.
शब्द निवडा म्हणाले, तेव्हा
हद्दीच्या त्या दगडाला आजोबा ज्या नावानं हाक मारायचे
ते टाकलं.
इथे लिहीत नाही.