ब्याण्णव

पहिला प्रश्न मी प्रत्येकाला तोच विचारतो:
ओरडते की कण्हते?
इंजिन ओरडत असेल आणि रस्ता सरकत नसेल
तर क्लच घसरतोय, नाहीतर दातांचं गणित चुकलंय.
कण्हत असेल तर तिला श्वास पुरत नाही,
किंवा कुणीतरी मागून धरून ठेवलंय.

इलियास परकार हेल्मेट काखेत धरून उभा.
म्हणाला, दोन्ही नाही.
ब्याण्णवला येते आणि गप्प बसते.
पुस्तकात एकशे बारा लिहिलंय. मालकानं पाठवलंय.

तेव्हाच कळायला हवं होतं.
पण सोहारच्या सनैय्येत ऑगस्टची दुपार म्हणजे
पान्हासुद्धा फडक्यात गुंडाळून उचलायचा,
त्यात डोकं कुठलं चालतंय.

फिल्टर काढून झटकला तर
अख्खा किनारा पडला खाली,
पिठासारखी तांबूस वाळू.
शफिकुलनं ती ओंजळीत घेतली,
म्हणाला, एवढ्यात माझ्या घराचा पाया होईल.
नवा बसवला. मागचं चाक उचलून फिरवलं, कान लावला:
ब्रेक घासत होता, सोडवला.
साखळी दोन बोटं सैल, ओढली.
पुढचे दात पंधरा, मागचे त्रेचाळीस,
खडूची खूण करून दोनदा मोजले. कंपनीचेच.
प्लगचा रंग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा,
म्हणजे आतलं पोट ठीक.
जेवणाची पेटी उतरवून भिंतीशी ठेवली,
कारण तसली चौकोनी पेटी म्हणजे
वाऱ्यात बंद करून नेलेलं दार.

इशाची अजान झाल्यावर
फलजच्या रस्त्यावर मी स्वतः नेली.
समुद्राकडून ओलसर, चिकट हवा,
लांबवर कारखान्याचे दिवे.
पंच्याऐंशी. नव्वद. ब्याण्णव.
आणखी पिळायला गेलो तर मुठीत पिळायला काही उरलंच नव्हतं.
माझ्या मनगटाला बावीस वर्षांची सवय,
त्याला ठाऊक:
इथे अजून करंगळीभर वळण असायला हवं.

साडेदहाला कार्बोरेटरचं टोपण उघडलं.
स्प्रिंगच्या आत, केबलवर ओवलेली
पितळेची नळी. पेराएवढी.
हॅकसॉने कापलेली, पण कडा कानशीने अशा मऊ केलेल्या
की केबलचा एक तंतू तुटला नव्हता.
असलं काम घाईत होत नाही.
असलं काम दुसऱ्याच्या गाडीवरही होत नाही.

तळहातावर ठेवून परकारसमोर धरली.
त्यानं ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.
तुझी?
जुन्या स्टोव्हची, तो म्हणाला.
आणि बऱ्याच वेळानं,
हेल्मेटच्या काचेवरचा ओरखडा नखानं घासत:
लोकबहादूर एकशे बाराने जायचा.

शफिकुल, जो झोपेतही बोलतो,
उठला आणि पंखा आमच्याकडे वळवून आला.

मालकाला कागद लागतो.
फिल्टर, ब्रेक, साखळी, मजुरी: साडेचार रियाल.
खाली कारण लिहायची ओळ असते.
तिथे पेन जरा थांबलं,
मग मी लिहिलं, वारा.

नळी पेट्रोलमध्ये धुतली.
एका कडेला केसाएवढं कुसळ लागलं बोटाला,
ते कानशीने काढलं
आणि होती तिथे ओवली.