करंगळी

निपाणीच्या शाखेतला फॉर्म कन्नडमध्ये होता.
मी अथणीकडची, शाळा कन्नडात झालेली,
म्हणून आत्तीनं मला पुढं केलं.
नाव : हौसाक्का रामू माने.
धंदा : मी लिहिलं, चप्पल.
आत्ती म्हणाली, वेणी लिही. वेणी, कान, अंगठा.
चप्पल शेट विकतोय.

खरंच होतं तिचं.
चाळीस वर्षं कातडं त्याच्याकडनं उधार यायचं,
बाभळीच्या सालीचा, हिरड्याचा वास घेऊन,
आणि जोड होऊन त्याच्याकडंच जायचं.
मधले चार दिवस आमच्यात राहायचं
पाहुण्यासारखं.
तळावर छाप त्याच्या दुकानाचा.
आत्तीच्या लुगड्यावर, मांडीपाशी,
वादी ओढून ओढून पडलेला
एक न जाणारा काळा पट्टा.

मग तो रकाना आला : तारण.
माझं पेन तिथंच थांबलं.
जमीन नाही म्हणून जामीन नाही,
दोन शब्दांत एका कान्याचं अंतर.
मामंजी ह्याच रकान्यापासून
तीनदा परत आलेले,
तिसऱ्यांदा तर धुतलेला शर्ट घालून गेलेले.

मॅडम म्हणाल्या, ते रिकामं सोडा.
ह्या कर्जाला सरकार जामीन आहे.
आत्तीनं विचारलं,
कुठलं? हिकडचं का तिकडचं?
मॅडम हसल्या नाहीत.
आमच्या भागात हा प्रश्न कुणी हसण्यावारी नेत नाही.
दिल्लीचं, म्हणाल्या.
त्येला आमचं घर म्हायती हाय?
नाही.
आन् मी बुडाले तर?
तर बँकेचं बरंचसं ते भरून देईल,
पण तुमचं देणं तुमच्याच नावावर राहील.
आत्तीनं मान हलवली. हे तिला पटलं.
फुकट म्हणाल्या असत्या तर
तिथनंच उठली असती.

मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा.
पुसून ठेवला. लाल दिवा.
आरीनं, वादीनं, मेणाच्या दोऱ्यानं
रेघा कधीच घासून गेलेल्या.
तर्जनी : जुळत नाही.
मधलं बोट : जुळत नाही.
मागं रांगेत एकजण घड्याळ बघत होता.
मॅडम म्हणाल्या, करंगळी ठेवा बघू.
हिरवा.
तिला काम नसतंय, आत्ती म्हणाली,
जराशी लाजून,
जशी घरातल्या आळशी पोरीबद्दल सांगावी.

कातडं रोखीनं आलं.
रोखीच्या कातड्याला वास तोच,
फक्त आत्तीनं ते उन्हात उलटंपालटं करून
पहिल्यांदाच नावं ठेवली, दोन तुकडे परत धाडले.
तळ कापायचं मशीन सोप्यात बसलं,
मामंजींच्या खाटेच्या जागी.
शेजारची बिल्किस विड्या वळायची सोडून आली,
तिच्या बोटांना वेणी शिकवायला दोन दिवस पुरले.
मग सखुबाई, मग तिची जाऊ.

सगळं सरळ झालं असं नाही.
पुण्याची ऑर्डर परत आली, सत्तावीस जोड,
डावा उजव्याहून बोटभर मोठा.
आषाढात कातडं वाळेना, बुरशी धरली.
दोन हप्ते चुकले, फोन आला,
सरकार जामीन असलं तरी
फोन आत्तीलाच येतो.
तिनं भिशी तोट्यात उचलली
आणि आठवडाभर कुणाशी बोलली नाही.

आता शेट दारात येतो.
बसत नाही, जोड हातात घेऊन वाकवून बघतो,
करकर ऐकतो.
रोख का? एवढंच विचारते आत्ती.
आमच्या तळावर अजून छाप नाही.
काय घालायचा, ह्यावर घरात भांडण चालू आहे.

परवा बिल्किसला घेऊन आम्ही बँकेत गेलो,
तिला पिशव्यांचं काम सुरू करायचंय, कातड्याच्याच.
फॉर्म मीच भरला. तारणाच्या रकान्यावरनं
पेन न थांबता पुढं गेलं.
मशीनपुढं तिनं अंगठा ठेवला.
तंबाखूनं पिवळा पडलेला, गुळगुळीत.
लाल दिवा.
बिल्किस घाबरून मागं वळली.

खुर्चीवरनं न उठता
आत्ती म्हणाली, करंगळी लाव गं.