बहात्तर तास

पहाटे सहा-दहाला करकोचा थांबवला.
इकडे या पंपाला करकोचाच म्हणतात:
मान खाली, मान वर, तीस वर्षं एकच नमस्कार.
एबारिस्तो लिंकोपानने ब्रेक ओढला, टोपी काढली,
म्हणाला, "संपलीय ही. आता कशाला छळता?"

मी व्हॉल्व्ह आवळला.
नायट्रोजनची बंदूक केसिंगला जोडून
एक बार, जमिनीच्या घशात.
आवाज नळ्यांच्या सांध्यासांध्यावर टकटक करत गेला,
वीज गेल्यावर पायऱ्या मोजत उतरावं तसा.
एकशे सत्तावीस सांधे, मग तेल.
तासाभराने पुन्हा: एकशे चोवीस.
तेल चढत होतं,
कुणीही न ओढता.

पाटागोनियाचा वारा मात्र प्रतिध्वनीतही घुसतो,
कागदावरच्या रेघेला दाढी फुटते.
तशा रेघा फाडायच्या, वारा दम खाईपर्यंत थांबायचं.

पहिल्या दिवसाच्या आकड्यांवर जायचं नसतं.
विहीर तेव्हा आपलीच पोकळी भरत असते,
खडकाने अजून तोंड उघडलेलं नसतं.
पाहुण्याला आधी पाणी द्यावं,
काम मागाहून विचारावं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा फोन.
किती पिंपं बुडाली?
अठरा, मी म्हटलं.
आकडा आला?
येतोय.

लॉगचा कागद विचित्र.
एका मिनिटापासून दहापर्यंत जेवढी जागा,
तेवढीच दहा तासांपासून शंभरापर्यंत.
एबारिस्तो चष्मा सावरून वाकला:
"म्हणजे माझी शेवटची वीस वर्षं
एवढीशी, करंगळीएवढी?"
हसलो दोघं. मग तो हसायचा थांबला.

तिसऱ्या रात्री, येर्बाचा कडू काढा गार होत असताना,
ठिपके रांगेत यायला लागले.
पट्टी लावली. रेघ सरळ.
खडकात दाब शाबूत होता, चांगला दांडगा.
चोंदलं होतं ते फक्त विहिरीच्या भिंतीशी, हातभर जाडीचं:
मेण, गाळ,
आणि खोदताना आपणच ओतलेला चिखल.

एबारिस्तोने आकडा दोनदा वाचून घेतला.
बाहेर जाऊन गार लोखंडावर हात ठेवून उभा राहिला.
वाटलं, काहीतरी बोलेल.
त्याने नाक शिंकरलं.

अहवाल पाठवला.
ऍसिडचे पैसे पुढच्या वर्षी, असं उत्तर आलं.
एबारिस्तोची निवृत्ती मे महिन्यात.

सहा-दहाला ब्रेक सोडला त्यानेच.
करकोचा आखडल्या मानेने एकदा कुरकुरला,
मग वाकला.
एबारिस्तो ओठातल्या ओठात मोजत होता,
नऊ, दहा, अकरा,
आणि मी हाक मारली तरी
त्याने वळून पाहिलं नाही.